मोरपंखी की मस्टर्ड? आधी बघा, हॉलमध्ये कोण किती वाजता बसतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातल्या सात मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. हॉल 10 बाय 16 फूट, उंची साडेनऊ. पश्चिमेच्या आखूड बाजूला गॅलरी, दक्षिणेच्या लांब भिंतीवर टीव्ही, त्यासमोर उत्तरेला सोफा आणि पूर्वेला आत, स्वयंपाकघराच्या तोंडाशी जेवणाचं टेबल. फरशी पांढरट, छत पांढरं, दिवे पांढऱ्या एलईडी ट्यूबचे. टीव्हीच्या भिंतीला नवऱ्याला गडद मोरपंखी हवा आहे, सासूबाईंना मस्टर्ड. पेंटरचं म्हणणं, दोन्ही लावा, एका भिंतीला हा आणि लागूनच्या भिंतीला तो, पैठणीसारखं उठून दिसेल. गणपतीआधी काम उरकायचं आहे. तर दोन्हींतला चांगला कोणता?

मी बरीच वर्षं ठाणे-डोंबिवलीकडच्या राहत्या घरांची आतली कामं करते आहे. शेड कार्ड समोर धरून हा वाद सुटलेला मी कधी पाहिला नाही, कारण दोन्ही रंग खरोखरच चांगले असतात. पण तुम्ही प्रश्नाच्या शेवटी जाता जाता एक वाक्य लिहिलंय, माझ्या मते उत्तर तिथेच आहे. तुम्ही दोघं संध्याकाळी साडेसातनंतर घरी येता आणि सासूबाई दिवसभर हॉलमध्येच, गॅलरीजवळच्या खुर्चीत असतात. म्हणजे तुमचे पती तो हॉल पांढऱ्या ट्यूबच्या उजेडात बघतात आणि सासूबाई दिवसाच्या उजेडात. त्या दोन उजेडांत ही भिंत वेगवेगळी दिसणार आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

पांढऱ्या ट्यूबपासून सुरुवात करू. दुकानात ज्याला कूल डे-लाइट म्हणतात ती 6500 केल्व्हिनची असते. केल्व्हिन हे उजेडाच्या छटेचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर, लहान तितका पिवळसर. तिच्या उजेडात निळ्याचा भाग जास्त असतो. मोरपंखी त्यात खुलतो, स्वच्छ आणि धारदार दिसतो. मस्टर्ड मात्र त्याच उजेडात हिरवट, मेणचटलेला दिसतो. डोंबिवलीच्या एका घरात मस्टर्ड भिंत लावून आठवड्याने तक्रार आली की रात्री भिंत आजारी वाटते. तिथे भिंतीला हात न लावता फक्त ट्यूब काढून 3000 केल्व्हिनचे दिवे लावले आणि तोच रंग पुन्हा उबदार झाला. म्हणून रंग ठरवण्याआधी दिवे ठरवा. मस्टर्ड घ्यायचा असेल तर 3000, दोन्ही रंग घरात असणार असतील तर 4000 केल्व्हिन, आणि खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, 90 किंवा जास्त लिहिलेला बघून घ्या. कमी सीआरआयच्या दिव्यात कुठलाच रंग धड दिसत नाही.

आता दिवसाचा उजेड. तुमच्या हॉलला उजेडाची एकच वाट आहे, पश्चिमेची. दुपारपर्यंत तिथून फक्त आभाळाचा आणि समोरच्या इमारतीवरून उलटून आलेला उजेड येतो. समोरची इमारत कोणत्या रंगाची आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. ती विटकरी असेल तर सकाळभर तुमच्या हॉलमध्ये किंचित गुलाबी झाक असेल, राखाडी असेल तर नसेल. गॅलरीत हिरवी शेडनेट लावली असेल तर ती आधी उतरवा. त्या जाळीतून येणारा हिरवट उजेड मस्टर्डला मारतो आणि मोरपंखीतला निळा खाऊन टाकतो. दुपारी तीननंतर प्रत्यक्ष ऊन आत येतं, पण ते वर्षभर एकाच भिंतीवर पडत नाही. हिवाळ्यात सूर्य पश्चिमेच्या दक्षिणेकडे मावळतो, तेव्हा ऊन सोफ्याच्या भिंतीवर आणि आतल्या पूर्वेच्या भिंतीवर जातं. एप्रिल-मेमध्ये तो उत्तरेकडे सरकून मावळतो आणि ऊन तिरकं टीव्हीच्या भिंतीवर येतं. मग पावसाळ्याचे चार महिने करडा, सपाट उजेड. आपल्याकडे रंगाची खरी परीक्षा जुलैच्या दुपारी होते, आणि त्या दिवशी गडद मोरपंखी सोळा फुटांच्या खोलीच्या आतल्या टोकाला जवळजवळ काळा दिसतो.

हे नुसतं वाटणं नाही, याला आकडा आहे. प्रत्येक शेडचा एलआरव्ही असतो, म्हणजे त्या रंगावर पडलेल्या उजेडापैकी शंभरात किती परत खोलीत येतो. गडद मोरपंखीचा साधारण 10 धरा, मस्टर्डचा 40, ऑफ-व्हाइटचा 75. नेमका आकडा तुम्ही निवडाल त्या शेडच्या माहितीत मिळेल. तुमच्या टीव्हीच्या भिंतीचं क्षेत्रफळ 152 चौरस फूट, म्हणजे हॉलच्या एकूण भिंतींच्या तीस टक्क्यांच्या आसपास. बाकीच्या भिंती ऑफ-व्हाइट धरल्या तर मोरपंखी लावल्यावर सगळ्या भिंतींची सरासरी 55 च्या जवळ येते, मस्टर्ड लावल्यावर 64 च्या. फरक लहान वाटेल, पण उजेड भिंतीवरून एकदाच उलटत नाही. गॅलरीतून आत जेवणाच्या टेबलापर्यंत पोचेतो तो अनेकदा आपटतो आणि दर वेळी त्यातला काही भाग गडद भिंत ठेवून घेते. गॅलरीजवळ फरक जाणवणार नाही, टेबलाशी नक्की जाणवेल. दुपारी बारा वाजता तिथे दिवा लावायला लागेल.

सासूबाईंच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे आणि ती आवडीनिवडीची नाही. वय वाढतं तसं डोळ्याचं भिंग पिवळसर होत जातं, बाहुलीही कमी उघडते. आत जाणारा उजेड एकूणच कमी होतो आणि त्यातही निळा जास्त अडतो. त्यामुळे तुमच्या नवऱ्याला जो मोरपंखी सुंदर, खोल निळा-हिरवा दिसतो, तो आईंना बऱ्यापैकी काळपट दिसत असण्याची शक्यता आहे. त्या "अंधारून येतं" म्हणत असतील तर त्यांना खरंच अंधारून येत असेल. घरात वयस्कर माणूस दिवसभर बसत असेल तर त्याच्या डोळ्यासमोरची मोठी भिंत मी गडद करत नाही. गडद भिंतीसमोरचं गडद कपाट, तिथली बटणं, टेबलाची कड हेही त्यांना पटकन वेगळं ओळखता येत नाही.

आता पतींची बाजू, कारण तीही भक्कम आहे. टीव्हीमागे गडद रंग असावा हे म्हणणं योग्यच आहे. टीव्ही दिवसातला बराच वेळ बंद असतो आणि फिक्या भिंतीवर तो काळा चौकोन डोळ्यात खुपतो. मोरपंखीवर तो विरून जातो. उलट पिवळ्या भिंतीवर तो फार वाईट दिसतो, कारण पिवळ्यावर काळा लांबूनही उठून दिसतो. रस्त्यावरचे धोक्याचे पट्टे बऱ्याचदा त्याच जोडीत रंगवतात. शिवाय रात्री टीव्ही बघताना चित्राभोवती पिवळी भिंत असेल तर डोळा त्या पिवळ्याला सरावतो आणि चित्र निळसर वाटायला लागतं. म्हणजे मस्टर्ड हा तुमच्या हॉलचा रंग असू शकतो, पण टीव्हीच्या भिंतीचा नाही. इथे सासूबाईंचा रंग बरोबर आहे, भिंत चुकली आहे.

म्हणून माझा कौल असा. मस्टर्ड आतल्या पूर्वेच्या भिंतीला, जेवणाच्या टेबलामागे. ती भिंत गॅलरीच्या थेट समोर आहे, आलेला उजेड सरळ तिच्यावर पडतो आणि ती तो थोडा उबदार करून परत देते. खोलीचा सर्वांत अंधारा कोपरा त्यामुळे जवळ आल्यासारखा वाटतो, लांबट हॉल जरा आखूड आणि प्रमाणात दिसतो. हिवाळ्यात संध्याकाळी ऊन तिच्यावर आलं की तासभर ती केशरी होईल. ते तुम्हाला फक्त शनिवार-रविवारी दिसेल, सासूबाईंना रोज. टीव्हीची भिंत, सोफ्याची भिंत आणि गॅलरीच्या दाराभोवतीची भिंत ऑफ-व्हाइट. दाराभोवतीची भिंत कधीच गडद करू नये. तिच्याकडे बघताना शेजारून बाहेरचा उजेड डोळ्यावर येत असतो, गडद केली की ती अजून काळी दिसते आणि डोळे शिणतात.

मोरपंखी तुमच्या बेडरूमला, पलंगाच्या डोक्यामागच्या भिंतीला. ती खोली तुम्ही रात्रीच वापरता, तिथे अंधारून येणं हवंच आहे, आणि झोपल्यावर ती भिंत डोळ्यासमोर नसते. हॉलमध्ये टीव्हीमागे गडद हवाच असेल तर भिंतीला हात न लावता टीव्हीखालच्या कपाटाचं आणि टीव्हीमागच्या पॅनलचं लॅमिनेट मोरपंखी घ्या. सहा फूट बाय चार फुटांचं पॅनल म्हणजे 24 चौरस फूट, भिंतीच्या सहाव्या हिश्शापेक्षाही कमी. काळा चौकोन त्यात विरतो आणि हॉलचा उजेड शाबूत राहतो.

सासूबाई तिथे राहत नसत्या आणि तुम्ही दोघंच रात्री हॉल वापरत असता तर मी बिनदिक्कत टीव्हीच्या भिंतीला मोरपंखी लावा म्हटलं असतं. हॉलला दोन बाजूंनी खिडक्या असत्या तर तेव्हाही हेच म्हटलं असतं. तुमच्यापैकी कोणी घरून काम करायला लागलं तर हिशेब पुन्हा मांडावा लागेल. यात कुठलंही उत्तर कायमचं नसतं.

पेंटरच्या सूचनेबद्दल. दोन्ही रंग लागून लावले की दोघंही एकमेकांना भडकवतात. हे पहिल्यांदा नीट मांडलं मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने, 1839 मध्ये. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात, जिथे भिंतीवर टांगायचे चित्रपडदे विणत, तो रंगखात्याचा प्रमुख होता. काळे धागे पुरेसे गडद दिसत नाहीत अशी तक्रार त्याच्याकडे आली, तेव्हा त्याने शोधलं की दोष रंगात नव्हता, शेजारी कोणता धागा विणलाय त्यात होता. तुमच्या हॉलमध्ये दक्षिण आणि पूर्व भिंतीच्या कोपऱ्यात हेच होईल. मस्टर्ड शेजारच्या मोरपंखीमुळे जास्त केशरी दिसेल, मोरपंखी जास्त निळा. वर, मस्टर्डवरून उलटलेला पिवळा उजेड कोपऱ्याजवळच्या मोरपंखीवर पडून तेवढा पट्टा हिरवट होईल. एकाच डब्यातला रंग दोन टोकांना दोन रंगांचा दिसेल आणि तुम्ही पेंटरला दोष द्याल.

पैठणीचं उदाहरण मला आवडलं, पण ते पूर्ण पाळायला हवं. मोरपंखी पैठणीत अंग सगळं एका रंगाचं असतं आणि सोनेरी रंग काठापदरापुरता. अंगाला आणि काठाला बरोबरीचं माप दिलं तर ती पैठणी राहणार नाही. दोन ठसठशीत रंग एका खोलीत आणायचे असतील तर एक भरपूर, दुसरा थोडा, आणि दोघांच्या मध्ये पांढरं. पणजीच्या फोंताईन्हासमधली जुनी घरं आठवा. गेरू, पिवळा, गडद निळा, काय हवे ते रंग भिंतींना आहेत, पण खिडक्यांच्या चौकटी आणि कडा पांढऱ्या आहेत. प्रत्येक रंगाला त्या पांढऱ्यामुळे स्वतःची हद्द मिळते.

मी सांगितलं म्हणून लगेच डबे आणू नका. आधी घरात बघा, आणि बघण्याची पद्धत नीट ठेवा. दोन्ही शेडच्या 200 मिलीच्या सॅम्पल डब्या आणा. फुल साइज ड्रॉइंग पेपरवर प्रायमरचा एक हात आणि रंगाचे दोन हात द्या, कडेला पांढरी पट्टी सोडू नका. भिंतीवर चौकोन रंगवण्यापेक्षा हे बरं, कागद एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर नेता येतो. ओला रंग बघून काही ठरवू नका, इमल्शन सुकल्यावर बहुधा एक पायरी गडद होतं. आणि भिंतभर पसरल्यावर कोणताही रंग शेड कार्डावरच्या चिठोऱ्यापेक्षा जास्त तीव्र दिसतो, म्हणून आवडलेल्या शेडपेक्षा एक घर फिका किंवा थोडा करडेपणाकडे झुकणारा कागदही सोबत करून ठेवा. बहुतेक वेळा शेवटी तोच निवडला जातो.

सगळ्यात महत्त्वाचं, दोन कागद शेजारी शेजारी लावून तुलना करू नका. सगळे हेच करतात आणि शेव्हरलच्या धाग्यांसारखेच फसतात. शेजारी ठेवलेले दोन विरुद्ध रंग एकमेकांना जितके खुलवतात तितके ते एकेकटे भिंतीवर कधीच खुलत नाहीत. एक कागद पूर्ण दोन दिवस एकटा लावा, मग काढून दुसरा. आत्ताची भिंत गुलाबी किंवा फिकी हिरवी असेल तर मागे पांढरा मोठा कागद किंवा चादर लावा, नाहीतर जुना रंग मध्ये लुडबुड करतो. सकाळी आठला, दुपारी एकला, ऊन आत आल्यावर आणि रात्री नव्या दिव्यात, असं चार वेळा बघा. सासूबाईंनी त्यांच्या खुर्चीतून बघावं, पतींनी सोफ्यावरून. उभं राहून, भिंतीला नाक लावून बघितलेल्या रंगावर विश्वास ठेवू नये.

थोडं रंगकामाबद्दल, कारण या दोन रंगांची खोड वेगवेगळी आहे. मोरपंखीसारखा गडद शेड ज्या बेसमध्ये, म्हणजे दुकानात शेड मिसळतात त्या मूळ रंगात, बनतो त्यात पांढरं रंगद्रव्य जवळजवळ नसतं आणि भिंत झाकण्याचं काम मुख्यतः तेच करतं. म्हणून दोन हातांत तो भरत नाही, रोलरचे पट्टे दिसतात. खाली करड्या रंगाचा हात देऊन वर दोन, नाहीतर सरळ तीन हात धरा. अगदी मॅट घेतला तर पाठ घासली, पिशवी लागली की पांढरट ओरखडे उठतात. फार चकाकणारा घेतला तर लांबीतल्या, म्हणजे रंगाखालच्या पुट्टीतल्या, लाटा दिसतात. हलकी झाक असलेला, धुता येणारा घ्या. मस्टर्डमध्ये दोन जाती आहेत. लिंबाकडे झुकणारा झगझगीत पिवळा पातळ पडतो, चार हात दिले तरी खालची लांबी डोकावते. गेरूकडे, मातकटाकडे झुकणारा लोहाच्या रंगद्रव्यातून येतो, झाकतो चांगला आणि उडतही नाही. तुम्ही दुसराच घ्या. तो 4000 केल्व्हिनमध्येही हिरवट होत नाही.

एका कंपनीचा शेड दुसऱ्या कंपनीच्या बेसमध्ये मशीनवर जुळवून घेऊ नका. दुकानाच्या उजेडात तो तंतोतंत जुळतो आणि घरी येऊन वेगळा दिसतो, कारण आतली रंगद्रव्यं वेगळी असतात.

मापं सांगते. चांगलं इमल्शन लिटरला दोन हातांत साधारण 120 ते 140 चौरस फूट जातं. पूर्वेच्या भिंतीतून स्वयंपाकघराची वाट वजा केली तर 70 चौरस फुटांच्या आसपास उरतं, म्हणजे मस्टर्डचा एक लिटर पुरतो. बेडरूमची भिंत 10 फूट रुंद असेल तर तीन हातांना एक लिटर कमी पडेल, दोन लिटर एकदमच घ्या आणि दोन्ही डबे बादलीत एकत्र ढवळून मगच सुरू करायला सांगा. वेगवेगळ्या दिवशी टिंट केलेल्या दोन डब्यांत गडद रंगाला फरक पडतो आणि तो भिंतीच्या मधोमध दिसतो. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या बरणीत, शेडचा नंबर आणि तारीख लिहून ठेवा. मोरपंखीला टचअप लपत नाही, त्यामुळे डाग पडला तर तेवढाच भाग न रंगवता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक हात द्यावा लागतो.

आणि गणपतीआधीच्या घाईबद्दल. ठाण्यात दक्षिण आणि पश्चिमेच्या बाहेरच्या भिंती पावसाचा मार खातात. बेडरूमची ती भिंत बाहेरची असेल तर दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावा आणि एक दिवस तसंच ठेवा. आतून दव दिसलं तर भिंतीत ओल आहे. त्यावर मोरपंखी लावलात तर दिवाळीपर्यंत क्षार बाहेर येऊन पांढरे डाग पडतील आणि गडद रंगावर ते दुरून दिसतील. अशा वेळी हॉलमधली आतली मस्टर्ड भिंत गणपतीआधी करून घ्या, दोन हातांच्या मध्ये डब्यावर चार तास लिहिलेले असले तरी दमट हवेत रात्रभर थांबा, आणि बेडरूमचं काम नोव्हेंबरवर ढकला. तोवर पतींनी मोरपंखीचा कागद पलंगामागे लावून बघावा.